बिअरचा साबण पहिल्यांदा करताना

बिअरचा साबण म्हटलं की पहिली शंका वासाची. अंघोळ करून ऑफिसला गेलो तर शेजारचा माणूस नाक मुरडेल का? नाही मुरडणार. पुरता सुकलेल्या साबणाला बिअरचा वास राहत नाही. फार तर भाजलेल्या धान्याचा पुसट गंध येतो, तोही वडी नाकाशी धरली तर. अल्कोहोलचा तर प्रश्नच नाही, कारण ते साबणात जाण्याआधीच उडवून टाकायचं असतं.

मग बिअर घालायची कशाला? फेसासाठी. जवाच्या माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली थोडी साखर आणि डेक्स्ट्रिन (पिष्टाचे न आंबणारे अंश) आंबवल्यानंतरही बिअरमध्ये उरतात, आणि साखरेने साबणाचा फेस वाढतो, दाट होतो. दुसरं म्हणजे रंग: कुठलाही रंग न घालता मधासारख्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत छटा मिळतात. बाजारात या साबणाच्या वेष्टनावर जीवनसत्त्वं, हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) गुण वगैरे लिहिलेलं असतं. त्यावर फार विसंबू नका. कॉस्टिक सोड्याच्या तडाख्यातून त्यातलं किती तगत असेल याचा विचार केला म्हणजे पुरे.

बिअरमध्ये तीन गोष्टी साबणाला त्रास देणाऱ्या असतात: गॅस, अल्कोहोल आणि साखर. पहिल्या दोन काढून टाकायच्या आणि तिसरी सांभाळून घ्यायची, एवढं जमलं की बाकी सगळा नेहमीचा साबण. नवखी मंडळी साचा कुठला, सुगंध कुठला यात आठवडा घालवतात आणि बिअर मात्र बाटलीतून थेट कॉस्टिकवर ओततात. तसं केलं तर गॅस आणि उष्णता एकदम उसळते आणि भांड्यातलं सगळं फेसाळून ओट्यावर येतं. ते जे ओट्यावर येतं ते कातडी भाजणारं असतं.

इथे सांगतोय ती कोल्ड प्रोसेस आहे, म्हणजे तेल आणि कॉस्टिकपासून थेट साबण. तयार सोप बेस वितळवून त्यात बिअर ओतण्याच्या भानगडीत पडू नका. जास्तीच्या पाण्याने वडी मऊ पडते आणि टिकत नाही.

कॉस्टिक, आधी आणि नीट

साबणाला लागतो तो कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. खायचा सोडा नाही, कपड्यांचा धुण्याचा सोडाही नाही. केमिकलच्या दुकानात तो फ्लेक्स किंवा मोत्यांसारख्या दाण्यांत मिळतो. पाकिटावर शुद्धता लिहिलेली बघून घ्या, ९७ टक्के किंवा त्याहून जास्त हवी. मोरी तुंबल्यावर टाकायची पुडी वापरायची नाही. तिच्यात इतर रसायनं असतात, काहींत अॅल्युमिनियमचे कणही. डबा उघडा ठेवला तर कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून ओला होतो, मग वजनाचा काही भरवसा राहत नाही. पावसाळ्यात तर तासाभरात चिकट होतो.

अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. आपल्या घरातली निम्मी जुनी पातेली अॅल्युमिनियमची असतात, तेव्हा काढतानाच बघा. तांबं-पितळही नको. स्टेनलेस स्टीलचं पातेलं, किंवा तळाशी त्रिकोणात ५ आकडा आणि पीपी अशी खूण असलेला जाड प्लास्टिकचा जग चालतो. काचेचा जग दिसायला छान, पण कॉस्टिकने काच हळूहळू झिजते आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट तडकते. ही भांडी, चमचे, हँड ब्लेंडर एकदा साबणाला घेतले की साबणाचेच. परत स्वयंपाकात नाहीत.

डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट किंवा बंद चप्पल. चष्मा हा गॉगल नव्हे. खिडकी उघडी, मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत, फोन बाजूला. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर तितकाच वेळ पाण्याने धूत राहा आणि मग थेट डॉक्टरकडे. पोटात गेलं तर उलटी करवू नका, रुग्णालयात न्या. व्हिनेगर ओटा पुसायला ठेवा; कातडीवर आधी पाणीच.

साहित्य

साधारण सात वड्या होतील एवढं हे माप आहे:

खोबरेल तेल १७५ ग्रॅम
ऑलिव्ह पोमेस तेल (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं) २०० ग्रॅम
राइस ब्रान तेल ७५ ग्रॅम
एरंडेल तेल ५० ग्रॅम
कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम
डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी ९० ग्रॅम
आटवलेली बिअर ७५ ग्रॅम (यासाठी ३३० मिलीची एक पाइंट बाटली)

सगळं वजनाने, पाणी आणि बिअरसुद्धा. तेलाच्या पिशवीवर १ लिटर लिहिलेलं असतं, त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ९१० ग्रॅमही असतं. म्हणजे मापाच्या भांड्याने तेल घेतलं तर शंभरामागे नऊ-दहा ग्रॅमचा फरक तिथेच पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवाच. तेल हवं तर दुकानदाराकडून डोळ्यासमोर तोलून घ्या, पण घरी कॉस्टिकसाठी काटा लागतोच लागतो.

तेल बदलायचं असेल तर कॉस्टिकचं माप बदलतं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, ऑलिव्हला १३.५, राइस ब्रानला १३.३, एरंडेलाला १२.८. वरच्या तेलांचा हिशेब केला तर एकूण ७५.४ ग्रॅम होतो. आपण घेतो ७१. म्हणजे जवळजवळ ६ टक्के तेल साबण न होता तसंच राहतं, त्यालाच सुपरफॅट म्हणतात. ते तेल त्वचेसाठी, आणि काट्याच्या लहानसहान चुकीसाठीही. आता समजा खोबरेल महाग आहे म्हणून कुणी १०० ग्रॅम खोबरेल काढून तेवढंच ऑलिव्ह टाकलं आणि कॉस्टिक ७१च ठेवला. तर ७१ ग्रॅम कॉस्टिकला पुरेसं तेलच उरत नाही, आणि न वापरला गेलेला कॉस्टिक वडीत राहून अंगाला झोंबतो. इंटरनेटवर लाय (म्हणजे कॉस्टिक) कॅल्क्युलेटर फुकट मिळतात. तेल बदललं की त्यात आकडे घालून बघा.

खोबरेल कमी-जास्त का, हेही सांगतो. त्याने साबण कडक होतो, भरपूर फेस येतो, पण प्रमाण फार वाढलं तर त्वचा कोरडी पडते. एरंडेल फेस धरून ठेवतं. ऑलिव्ह आणि राइस ब्रान सौम्यपणा देतात. ऑलिव्हचं महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन मुळीच घेऊ नका, पोमेस स्वस्त आणि साबणाला उलट बरं, लवकर दाट होतं.

बिअर: आदल्या दिवशीचं काम

बिअर कुठलीही चालते. साधी लागर घेतली तर रंग फिकट तपकिरी, स्टाउट, म्हणजे काळपट बिअर घेतली तर कॉफीकडे झुकणारा. माइल्ड घेतलेली बरी. स्ट्राँगमध्ये अल्कोहोल जास्त, म्हणजे उकळायला वेळ जास्त, आणि साबणात त्याचा काडीचा उपयोग नाही. ज्या बाटलीची तारीख उलटलीय, जी कालपासून उघडी पडलीय, तीही इथे कामाला येते.

महाराष्ट्रात बिअर विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि ड्राय डेचं वेळापत्रक तुमच्या साबणासाठी बदलत नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदीच आहे. तिथल्या वाचकांनी बिनअल्कोहोलचं माल्ट पेय घेऊन हाच साबण करावा. गॅस काढायचा, आटवायचं, बाकी सगळं तेच. फक्त अशा पेयात साखर बिअरपेक्षा बरीच जास्त असू शकते, म्हणून ७५ ऐवजी ४० ग्रॅम घ्या आणि ३५ ग्रॅम साधं पाणी मिसळा.

मोठं पातेलं घ्या, बाटलीच्या चौपट तरी मावेल एवढं. बिअर ओतून मंद आचेवर ठेवा. पहिली पाच मिनिटं तिथून हलू नका. फेस भराभर वर येतो, आणि दुधाचं निदान आधी कळतं तरी, याचं तेही कळत नाही. चमच्याने ढवळत राहा, आच आणखी बारीक करा. फेस बसला की गॅस गेला. मग अल्कोहोल. ते ७८ अंशांनाच उकळतं, पण पाण्यात मिसळलेलं असल्यामुळे एका उकळीत सुटत नाही, हळूहळू जातं. म्हणून ३३० मिलीचे साधारण १०० मिली होईपर्यंत आटवत राहायचं. अर्धा तास तरी लागतो. एग्झॉस्ट फॅन लावा, वाफेचा वास शेजाऱ्यांपर्यंत पोचेल एवढा असतो. वाफेत अल्कोहोल असतं, तेव्हा आचेवर वाकून बघत बसू नका.

आटत आली की रंग चहाच्या अर्कासारखा होतो, बोटाला किंचित चिकट लागते आणि चव कडूजार. हाच अर्क आपल्याला हवा. निवला की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी त्यातले ७५ ग्रॅम मोजून घ्या.

बरेच जण सगळी बिअर बर्फाच्या साच्यात गोठवून त्या खड्यांवर कॉस्टिक थोडाथोडा टाकतात. ती पद्धत चुकीची नाही. पण त्यात कॉस्टिक साखरेला थेट भेटतो, द्रावण नारिंगी होतं, जळक्या साखरेचा आणि अमोनियाचा भपकारा सुटतो, आणि नवख्याचा हात थरथरायला लागतो. मी पहिल्या वेळेस तरी साध्या पाण्यातच कॉस्टिक विरघळवा म्हणेन. बिअर तेलात घालायची. साबण तोच होतो, डोकेदुखी अर्धी.

साबणाचा दिवस

९० ग्रॅम पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्या, पातेलं सिंकमध्ये थंड पाण्याच्या तसराळ्यात ठेवा. कॉस्टिक वेगळ्या कोरड्या वाटीत मोजा. आता कॉस्टिक पाण्यात घालायचा. पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. चमचा चमचा घाला, ढवळा, आधीचा विरघळला की पुढचा. पातेलं हाताला चटका बसेल इतकं गरम होतं आणि दोन-तीन मिनिटं घसा खवखवणारी वाफ येते. तोंड बाजूला ठेवा. आधी गढूळ, मग पाण्यासारखं स्वच्छ झालं की विरघळलं. पाण्यासारखं दिसतं म्हणूनच त्यावर झाकण ठेवा आणि चिठ्ठी लावा. घरात कुणीही तहानलेलं येऊ शकतं.

हे निवेपर्यंत तेलं एकत्र करा. थंडीत खोबरेल थिजलेलं असतं, ते पूर्ण वितळवून घ्या. तेल आणि कॉस्टिकचं द्रावण, दोन्ही ३०-३५ अंशांवर आणायची. साध्या साबणाला थोडी जास्त उष्णता चालते, बिअरच्या नाही, कारण साखर पुढे स्वतःची उष्णता वाढवते. मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या लोकांनी हे काम पहाटे करावं.

आता आटवलेली बिअर तेलात ओता आणि ब्लेंडर पाच-सहा सेकंद फिरवा. तेल आणि पाणी वेगळं दिसेल, दिसू दे. मग कॉस्टिकचं द्रावण बारीक धारेने घाला. ब्लेंडर आधी बुडवून आपटा म्हणजे पात्याखालची हवा निघेल, नाहीतर साबणात बुडबुडे राहतात. पाच सेकंद फिरवायचं, मग बंद ठेवून त्यानेच ढवळायचं, परत पाच सेकंद. एकसारखं फिरवत बसलात तर दोन मिनिटांत गोळा होईल.

कधी थांबायचं? ब्लेंडर उचलून मिश्रणाची धार वर सोडा. धार लगेच बुडाली तर अजून वेळ आहे. क्षणभर पृष्ठभागावर तिची रेघ राहिली, मग विरली, की थांबा. याला ट्रेस म्हणतात. रंग यावेळी कॅरॅमलकडे गेलेला असतो आणि वास जरा उग्र येतो; अमोनियासारखी झाक आली तरी घाबरू नका, ती काही दिवसांत जाते.

सुगंध पहिल्या वेळेस घालू नका असं सांगतो, पण कुणी ऐकत नाही हेही माहीत आहे. मग निदान लव्हेंडरचं शुद्ध तेल १० ग्रॅम, बस. लवंग आणि दालचिनीची तेलं लांब ठेवा. ती मिश्रण हातातच दगड करतात आणि अंगालाही झोंबतात.

साचे सिलिकॉनचे, एकेका वडीचे घ्या. मफिनचे चालतात, पण अॅल्युमिनियमच्या ट्रेवर ठेवू नका, सांडलेला थेंब ट्रे खातो. एकच मोठा पावासारखा साचा घेतला तर मधोमध उष्णता कोंडते. वर भेग पडते, कधी मिश्रण साच्याबाहेर चढतं. साधा साबण टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतात. बिअरच्या साबणाला टॉवेल नको. पंख्याखाली, जाळीवर उघडा ठेवा. खोली ३२-३३ अंशांच्या वर असेल तर पहिली रात्र फ्रिजमध्ये, झाकण लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कप्प्यात. कापून बघितल्यावर मधे गडद वर्तुळ आणि कडेला फिकट रंग दिसला, तर मधला भाग जास्त तापला एवढाच त्याचा अर्थ. दिसायला वाईट, वापरायला काही वाईट नाही.

भांडी लगेच धुवू नका. कागदाने पुसून एक दिवस तशीच ठेवा. चिकटलेलं मिश्रण स्वतःच साबण होतं आणि मग कोमट पाण्याने भांडं आपोआप स्वच्छ निघतं. तोवर ती कुणाच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि मोजे घालूनच हात लावा.

सुकवणं

दोन दिवसांनी साचा दाबून बघा. कडा सुटत असतील तर मोजे घालून काढा. मऊ लागला तर आणखी एक दिवस थांबा किंवा दोन तास फ्रीजरमध्ये ठेवून मग काढा. ऑलिव्ह जास्त असलेल्या साबणाला वेळ लागतोच.

पुढे चार ते सहा आठवडे. वड्या एकमेकींना न चिकटवता, जाळीवर किंवा पुठ्ठ्यावर, वारा खेळेल अशा जागी, उन्हाबाहेर. साबण होण्याची क्रिया पहिल्या काही दिवसांतच आटोपलेली असते. नंतरचे आठवडे पाणी उडायला आणि वडी घट्ट व्हायला. एक वडी निवडा, दर रविवारी तिचं वजन करून कागदावर लिहा. सुरुवातीला आकडा झपाट्याने उतरतो, मग हळू. सलग दोन रविवार तोच आकडा आला की वडी वापरायला तयार. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे गणित लांबतं. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीला घाम फुटतो. तो पुसू नका, पंखा लावा. शक्य असेल तर पहिला घाणा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढा, कोरड्या हवेत निम्मी काळजी कमी होते.

वडी अंगाला लावण्याआधी एक तपासणी. ओल्या बोटाने साबण चोळा आणि बोटाचं टोक जिभेला क्षणभर टेकवा. साबणाची चव लागली तर ठीक. बॅटरीच्या टोकाला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. लगेच चूळ भरा, एक आठवडा थांबून परत बघा, आणि तेव्हाही झटका बसला तर तो घाणा अंगाला लावायचा नाही. पीएच पट्टीने बघणारे ९-१० आकडा पाहून धास्तावतात. घरच्या साबणाचा पीएच तेवढा असतोच.

वर पांढरी भुकटी जमली तर ती सोडा अॅश, ओल्या फडक्याने पुसली जाते. काही महिन्यांनी नारिंगी ठिपके आणि खवट वास आला, तर बहुधा तेल जुनं होतं. वड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा. बाथरूममध्ये जाळीची साबणदाणी हवी. या वडीत ग्लिसरीन तसंच राहतं, त्यामुळे पाण्यात बसली तर दुकानातल्या साबणापेक्षा लवकर विरघळते. गव्हाची किंवा जवाची अॅलर्जी असलेल्या कुणाला देताना बिअर घातली आहे हे आधी सांगा. दिवाळीत भेट म्हणून देणार असाल तर तेलांची नावंही चिठ्ठीवर लिहा.

घरच्यांना, मित्रांना द्या, खुशाल द्या. विकायला काढणार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि तो विक्रीसाठी बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. प्रदर्शनात टेबल लावण्याआधी तिकडे एक चक्कर मारून या.